घट्ट म्हणजे घन नव्हे: द्रवांची घनता वर्गात शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा होता. सातवीच्या ४५ मुलांना द्रवांची घनता शिकवायची होती. शाळेत वेगळी प्रयोगशाळा नाही. एका बाईंनी काचेच्या उंच भांड्यात मध, साखरेचा पाक, भांड्यांचा साबण, रंगीत पाणी, तेल आणि वर स्पिरिट असा थरांचा मनोरा करून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चाचणीत मात्र निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘मध खाली जातो कारण तो घट्ट असतो, स्पिरिट वर राहते कारण ते पातळ असते.’ बाई विचारतात, माझं काय चुकलं?

बाई, तुमचं चुकलेलं नाही, मनोऱ्याचं चुकलं. तो मनोरा खालून वर एकदा बघा. तळाला मध, मग पाक, मग साबण, मग पाणी. सगळ्यात घट्ट ते खाली आणि पातळ होत होत वर. तेलाच्या जागी तेवढा हा क्रम मोडतो, पण तेल पाण्यावर तरंगतं हे मुलांना फोडणीच्या वाटीपासून माहीत असतं, त्यामुळे तिथे कुणी अडखळत नाही. म्हणजे मुलांच्या डोक्यात आधीच असलेल्या चुकीच्या समजुतीला आपण सुंदर रंगीत पुरावा दिला. मुलांनी जे पाहिलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं.

मीही नोकरीची पहिली सहा-सात वर्षं हाच मनोरा करत होतो. तो कोसळू नये म्हणून चमच्याच्या पाठीवरून धार सोडायचं माझं कसबही मोठं होतं. पण त्यात हात माझेच चालायचे, मुलं प्रेक्षक असायची.

आपल्या भाषेतही एक गंमत आहे. ‘घनता’ हा शब्द ऐकला की मुलाला ‘घट्ट’ आठवतं, कारण दोन्ही शब्द कानाला चुलत भावंडांसारखे लागतात. शिवाय ‘घन’चे अर्थ तरी किती! घन म्हणजे स्थायू, घन म्हणजे क्यूब, घन म्हणजे दाट, आणि कवितेत घन म्हणजे ढग. एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, ‘सर, घनता घन पदार्थाला असते ना? मग पाण्याला कशी?’ प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून मी पहिली पाच मिनिटं शब्दावरच घालवतो. भूगोलात ‘लोकसंख्येची घनता’ मुलांनी वाचलेली असते. एका चौरस किलोमीटरमध्ये माणसं किती? तसंच एका घन सेंटिमीटरमध्ये ग्रॅम किती? गर्दीतली माणसं भराभर चालतात की रेंगाळतात याचा लोकसंख्येच्या घनतेशी संबंध नाही. तसाच द्रव भराभर वाहतो की रेंगाळतो याचा द्रवाच्या घनतेशी संबंध नाही. रेंगाळणं ही विष्यंदिता. तो शब्द सातवीत फळ्यावर लिहायची गरज नाही, ‘चिकटपणा’ म्हटलं तरी भागतं. मात्र ही उपमा इथेच थांबवा. ‘कण दाटीवाटीने बसले म्हणून घनता जास्त’ एवढंच सांगितलंत तर पुढे अडचण होते, कारण कण किती जवळ आहेत याच्याइतकंच एकेक कण किती जड आहे हेही महत्त्वाचं असतं. पारा पाण्यासारखा सळसळतो आणि तरी १३.६ पट भारी असतो, तो त्याच्या जड अणूंमुळे. (पारा वर्गात आणू नका. आकडा सांगा, पुरे.)

आता तुमचा पहिला प्रयोग बदलूया. औषधांच्या दुकानातून एरंडेलाची छोटी बाटली आणा. वर्गात ती वाकडी करून दाखवा, धार किती सावकाश पडते ते मुलांना बघू द्या. मग पाण्याचा पेला समोर ठेवून विचारा, हे पाण्यात ओतलं तर? आजवर माझ्या एकाही वर्गात ‘तरंगेल’ म्हणणारे हात पाच-सहाच्या वर गेले नाहीत. मतं फळ्यावर लिहून घ्या, नावांसकट नको, नुसते आकडे. मग ओता. जरा उंचावरून ओतलंत तर गोळा आधी खाली जातो आणि वर्ग ‘बघा!’ म्हणून ओरडतो. मग तोच गोळा सावकाश वर येतो आणि पसरतो. ती दोन-तीन सेकंदं मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मजा येते. एरंडेलाची घनता ०.९६ आहे. पाण्यापेक्षा कमी, शेंगदाणा तेलापेक्षा जास्त. घट्टपणात मात्र ते पाण्याच्या कितीतरी पुढे.

हे बघितल्यावर मुलं स्वतःच विचारतात, मग कोण तरंगणार हे ओळखायचं कसं? वजनकाटा बाहेर काढायची वेळ हीच. काटा आधी काढलात तर वजन करणं हे काम वाटतं. आता ते उत्तर शोधायचं साधन होतं.

स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो, पण एक पथ्य पाळा. १० मिलिची सिरिंज घेऊन वजन करू नका. १० मिलि पाणी १० ग्रॅम आणि १० मिलि तेल ९ ग्रॅम, यातला फरक काट्याच्या चुकीएवढाच असतो. मुलांना कधी १० आणि १०, कधी ९ आणि ९ दिसतं आणि प्रयोग नासतो. त्याऐवजी खोकल्याच्या औषधाची रिकामी, धुतलेली, वाळवलेली एकच काचेची बाटली घ्या. ती काठोकाठ भरायची, वर पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून जास्तीचा द्रव काढायचा, बाहेरून पुसायची, वजन करायचं आणि रिकाम्या बाटलीचं वजन वजा करायचं. मापनपात्र नको, खोलगट पृष्ठभाग डोळ्याच्या पातळीत धरून वाचायची कटकट नको. समजा बाटलीत १२० ग्रॅम पाणी मावलं, तर शेंगदाणा तेल ११० च्या आसपास मावेल, एरंडेल ११५, दूध १२४ आणि ग्लिसरीन १५१. प्रत्येक आकड्याला पाण्याच्या १२० ने भागा, सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या किती पट, ती मिळाली. एरंडेल अगदी शेवटी भरा, नाहीतर बाटली धुण्यातच तासिका संपते.

४५ मुलांना एकच काटा असेल तर सहा-सहांचे गट करून प्रत्येकाला एक द्रव द्या. आकडे फळ्यावरच्या एका तक्त्यात आले की कुणाचं तरी चुकलेलं लगेच दिसतं. एका गटाने एकदा तेल पाण्यापेक्षा जड काढलं. बाटली बाहेरून पुसलीच नव्हती. ती चूक मी झाकली नाही, अख्ख्या वर्गाला शोधायला लावली. त्या दिवशी मुलं मोजमापाबद्दल जे शिकली ते माझ्या व्याख्यानातून कधी शिकली नसती.

पुढचा प्रयोग फारसा कुणी करत नाही, पण मला तो सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो. मोठ्या मापनपात्रात १०० मिलि पाणी, त्यात ३० ग्रॅम मीठ, नीट विरघळेपर्यंत ढवळायचं. दुसऱ्यात १०० मिलि पाणी आणि ३० ग्रॅम साखर. दोन्हींचं वस्तुमान आता १३० ग्रॅम. आकारमान किती? मुलांचा अंदाज एक तर १०० (विरघळलं म्हणजे गेलं) नाहीतर १३० (भर घातली तेवढी वाढली) असतो. मिठाचं पाणी साधारण १११ मिलिला थांबतं, साखरेचं ११९ च्या आसपास. भागाकार करून पाहिला तर मिठाचं द्रावण १.१७ आणि साखरेचं १.०९ येतं. म्हणजे सारखंच वजन घातलं, तरी ज्याने जागा कमी अडवली त्याची घनता जास्त वाढली. ‘वस्तुमान भागिले आकारमान’ हे सूत्र इथे पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभं राहतं, कारण इथे वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही हलतात. बटाट्याची फोड साध्या पाण्यात बुडते आणि मिठाच्या या पाण्यात तरंगते, तेही लगेच दाखवून टाका. पुस्तकांत अंडं सांगतात, पण काही घरांत अंडं चालत नाही, आणि शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगून घात करतं.

आता रंगांचा खेळ. मनोऱ्याचं आकर्षण मलाही आहे, फक्त तो मुलांनी स्वतः करायचा आणि एकाच पदार्थाचा. चार पेल्यांत १०० मिलि पाणी घ्या. एकात काही नाही, बाकीच्यांत १०, २० आणि ३० ग्रॅम साखर. प्रत्येकाला मिठाईचा वेगळा रंग द्या, आणि कुठल्या रंगात किती साखर आहे हे सांगू नका. दोन-दोन मुलांच्या प्रत्येक जोडीला एक पारदर्शक नळी. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ च्या जुलैपासून बंदी आहे, त्यामुळे मी संपलेल्या बॉलपेनची पारदर्शक नळी वापरतो. बाजूला छिद्र असेल तर चिकटपट्टी लावा. नळी एका रंगात दोन सेंटिमीटर बुडवायची, वरचं टोक अंगठ्याने बंद करायचं, उचलून दुसऱ्या रंगात चार सेंटिमीटर बुडवायची, अंगठा क्षणभर सैल करून पुन्हा दाबायचा. हलका रंग आधी घेतला असेल तर नळीत दोन स्वच्छ पट्टे दिसतात. उलटं झालं असेल तर गढूळ. चार रंगांचे २४ क्रम होतात, पण हुशार जोड्या चोवीस करत बसत नाहीत. दोन-दोन रंगांची तुलना करत पाच-सहा खेपांत उत्तराला पोचतात. एखादी जोडी कशी पोचली हे तिला फळ्याजवळ येऊन सांगायला लावा. चाखून बघायला सक्त मनाई, हे आधी बजावा. मी एकदा विसरलो, आणि माझ्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी अर्ध्या मिनिटात बरोबर क्रम सांगून मोकळी झाली.

घनतेचा आणि गावाचा संबंध जोडायचा तर दुधाकडे वळा. माझ्या सध्याच्या शाळेत निम्मी मुलं दूध घालणाऱ्या घरांतली आहेत. ‘फॅट किती, डिग्री किती’ हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं, फक्त डिग्री कशाची हे कुणी सांगितलेलं नसतं. दुग्धमापी म्हणजे लॅक्टोमीटर, दुधात तरंगत सोडायची आकडे छापलेली काचेची नळी. ती २८ दाखवते म्हणजे दुधाची घनता १.०२८. गाईच्या दुधापेक्षा म्हशीचं किंचित वर असतं. १.०३० च्या चार भाग दुधात एक भाग पाणी घातलं तर डिग्री ३० वरून २४ वर येते. हे गणित मुलांकडून करून घ्या, त्यांना ते फार आवडतं. मग विचारा, मलई काढून घेतली तर डिग्री वाढेल की कमी होईल? दुधातली चरबी पाण्यापेक्षाही हलकी, म्हणून मलई काढली की डिग्री वाढते. मग त्यात बेताने पाणी घातलं की पुन्हा मूळ जागेवर! नुसत्या डिग्रीवर विसंबता येत नाही, संकलन केंद्रावर फॅटही बघतात, ते यासाठीच.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. एका वर्षी मी मुलांना घरून थोडं थोडं दूध आणायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. एका मुलाच्या दुधाची डिग्री कमी आली. वर्ग हसला, कुणीतरी ‘पाणी घातलंय’ म्हणालं, आणि तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. नंतर कळलं, त्याचं घर शाळेला लागून आहे आणि त्याने नुकतंच काढलेलं, कोमट, फेसाळ दूध तसंच आणलं होतं. कोमट दूध प्रसरण पावलेलं असतं, ताज्या धारेत हवेचे बारीक बुडबुडे असतात, दोन्हींमुळे डिग्री कमी दिसते. दूध काही वेळ स्थिर ठेवून, दुग्धमापीवर छापलेल्या तापमानाला आणून मोजायचं असतं. हे मला माहीत होतं, पण घाईत मी ते केलं नाही. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तेव्हापासून एकाच पिशवीतलं दूध मी स्वतः आणतो आणि वर्गासमोर मीच पाणी घालतो.

दुग्धमापी विकत घ्यायच्या आधी मुलांकडून एक करून घ्या. परीक्षानळीत आलेख-कागदाची पट्टी उभी ठेवायची, तळाला सायकलचे छर्रे किंवा वाळू घालायची, आणि पाण्यात सरळ उभी राहून १० सेंटिमीटर बुडेल असं जुळवायचं. मिठाच्या त्या द्रावणात ती साधारण ८.५ सेंटिमीटर बुडते, तेलात १०.९. मुलं खूश होतात. मग दुधात सोडली तर ९.७. आणि पाणी घातलेल्या दुधात? ९.८ च्या जवळ. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पेन्सिलच्या रेघेएवढा. ‘सर, आपलं यंत्र चोर पकडत नाही!’ अशी तक्रार आली की खरी दुग्धमापी शेजारी ठेवा आणि विचारा, हिचं पोट एवढं मोठं आणि मान एवढी बारीक का? उत्तर काढायला वेळ लागतो. घनता किंचित बदलली की बुडणारं आकारमान किंचितच बदलतं. पण तेवढंच आकारमान बारीक मानेत मोजायचं तर मानेची लांबी बरीच लागते, म्हणून फरक डोळ्याला दिसतो. माझ्या मते घनतेच्या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

दुधाचं गाव नसेल तर दुसरं काही सापडतंच. मी आधी रायगडात होतो, तिथे भात. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं सोडतात, तरंगलेलं पोचट बी काढून टाकतात, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. ही ३ टक्के मिठाच्या पाण्याची शिफारस कृषी खातंच करतं. मुलांना विचारायचं, नुसतं पाणी का नाही? मूठभर भात दोन्हींत सोडून दाणे मोजले की उत्तर मिळतं. रिकामे दाणे साध्या पाण्यातही तरंगतात, अर्धवट भरलेले काही फक्त मिठाच्या पाण्यात. उरण-पेणच्या बाजूला मिठागरं आहेत, तिथेही ‘डिग्री’च. ती बोमेची, १८ व्या शतकातल्या फ्रेंच औषधविक्रेत्याच्या नावाची. समुद्राचं पाणी साधारण ३ डिग्रीचं, आणि ते आटत आटत २५ च्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं. गंमत म्हणजे दुधाची डिग्री आणि मिठागराची डिग्री या वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि दोन्हींपैकी एकही तापमानाची डिग्री नव्हे.

तापमानाचा प्रयोग मात्र वेगळा हवाच. सारख्या तोंडाच्या दोन बाटल्या, एकीत थंडगार निळं पाणी, दुसरीत सोसेल इतकं गरम लाल पाणी. गरम बाटलीच्या तोंडावर खेळातला जुना पत्ता धरून ती थंड बाटलीवर उलटी ठेवायची आणि पत्ता हळूच ओढायचा. रंग वेगळे राहतात. उलट मांडणी केली की क्षणात जांभळं. ५० अंशांच्या आणि १० अंशांच्या पाण्याच्या घनतेत फरक जेमतेम एका टक्क्याचा आहे, आणि तेवढ्यावर हे सगळं घडतं. ओला टेबल पुसायला फडकं तयार ठेवा.

बर्फ पाण्यावर तरंगतो याचं मुलांना काहीच वाटत नाही. वाटायला लावायचं असेल तर थंडीत गोठलेलं खोबरेल आणा. बाटली कोमट पाण्यात ठेवून अर्धं वितळलं की न वितळलेला पांढरा गोळा तळाशी बसतो. बहुतेक पदार्थांचं असंच होतं. बर्फ हा अपवाद आहे. आणि बर्फाचा खडा तेलात सोडला तर कधी तरंगतो, कधी सावकाश बुडतो, कारण त्याची घनता ०.९१७ आणि तेलाचीही तेवढीच. त्याच्यापासून सुटणारे पाण्याचे थेंब मात्र टपोरे होऊन न चुकता तळाला जातात. हे मी तासिकेच्या शेवटी ठेवतो, कारण ते बघायला लागल्यावर मुलं घंटा ऐकत नाहीत.

दोनच तासिका असतील तर पहिलीत एरंडेल आणि बाटलीचं वजन, दुसरीत रंगांचा खेळ आणि दुग्धमापी. मीठ-साखरेचं मापन मधल्या सुट्टीत दोन-चार मुलांकडून करून घेऊन आकडे वर्गात आणा. चाचणीत व्याख्या विचारू नका. मी गेली काही वर्षं हा प्रश्न देतो: ‘अ हा द्रव धारेला घट्ट आहे, त्याच्या ५० मिलिचं वस्तुमान ४८ ग्रॅम. ब हा द्रव पाण्यासारखा वाहतो, त्याच्या ४० मिलिचं वस्तुमान ४४ ग्रॅम. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत असं समजून पेल्याचं चित्र काढा.’ घट्टपणाही फसवा आणि नुसतं वजनही फसवं, कारण आकारमानं वेगळी दिली आहेत. तुमच्या वर्गात निम्म्यांनी बरोबर काढलं तरी खूप झालं. उरलेल्यांचं चित्र बघून त्यांची गाडी कुठे अडली हे नेमकं कळतं.

रॉकेल वापरू नका, मिळालं तरी नको. स्पिरिट असेल तर ते तुमच्याच हातात राहू द्या आणि खोलीत उदबत्तीसुद्धा नको. आणि तेल मोरीत ओतू नका. मी एका वर्षी ओतलं, पावसाळ्यात मोरी तुंबली, शिपाईमामा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एका डब्यात साठवा, दारांच्या बिजागऱ्यांना उपयोगी पडतं.